दुखवट्याच्या दोन ओळी

दुसरबीड, ता. सिंदखेडराजा
दि. ६ मे २०२४

ती. प्रेमानंददादास,
धाकट्या समताचा सप्रेम जयभीम. वि. वि.

पत्र पाहून नवल वाटेल. हातात फोन असताना ही पोस्टात कशाला गेली, असं वहिनींना विचारशील. कारण साधं आहे. आपलं घर दोन खोल्यांचं. मी फोनवर जे बोलते ते आईला भिंतीपलीकडे ऐकू जातं. लिहिलेलं ऐकू जात नाही आणि वाचता तर तिला येतच नाही. मला जे सांगायचं आहे ते तिच्या कानावर पडता कामा नये, म्हणून कागद घेतला.

बाबा गुरुवारी कसे गेले ते शालिग्रामनं तुला सांगितलंच असेल. सायकलचं दुकान उघडायला म्हणून निघाले, ओट्यावर चप्पल घालायला बसले आणि बसल्या जागीच गेले. मी तुला फोन लावत होते, तो बंद येत होता. मे महिन्याचं ऊन, थांबता येईना. तू नाहीस म्हटल्यावर चुलतभाऊ म्हणून शालिग्रामनंच अग्नी दिला. संध्याकाळी घरात चूल पेटवायची नव्हती. शेजारच्या केसरबाईंनी पिठलं-भाकर आणली आणि आईला बळेच दोन घास भरवायला बसल्या. त्याच वेळी घरच्या ग्रुपवर तुझा निरोप आला.

‘हार्टफेल्ट कन्डोलन्सेस टु द बिरीव्ड फॅमिली. अवर थॉट्स अँड प्रेयर्स आर विथ यू.’ म्हणजे, शोकाकुल कुटुंबाचं मनःपूर्वक सांत्वन, आमचे विचार आणि प्रार्थना तुमच्यासोबत आहेत. दादा, हे शोकाकुल कुटुंब म्हणजे कोण रे? मी साखरखेर्ड्याच्या शाळेत नववीला इंग्रजी शिकवते. पत्रलेखनात दुखवट्याचं पत्र असतंच, मित्राचे आजोबा वारल्याचं. तुझ्या दोन ओळींत एक चूक नाही, पाचपैकी पाच देऊन मोकळी झाले असते. पण इथं मित्राचे आजोबा गेले नव्हते. तुझा बाप गेला होता. त्या कुटुंबातला तू थोरला, आणि तूच रस्त्यावर उभा राहून त्या कुटुंबाचं सांत्वन करतोस. शिवाय आपल्या घरात वंदना होते, प्रार्थना कधीपासून सुरू झाली तेही एकदा कळव.

एवढंच असतं तर मी मनातल्या मनात चार शिव्या घालून गप्प बसले असते. पण आईनं फोनचा आवाज ऐकला आणि प्रेमानंदचं काही आलं का म्हणून विचारलं. मी हो म्हणून बसले. वाचून दाखव म्हणाली. केसरबाई, सत्यभामाबाई, गल्लीतल्या सगळ्या बाया माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मग मी फोन समोर धरला आणि वाचलं. तू लिहिलेलं नाही वाचलं. मी वाचलं की, आई, माझ्याकडून बाबांचं शेवटचं तोंड पाहायचं राहून गेलं. ते दुकानासमोरून जाणाऱ्या ट्रकवरचं इंग्रजी मला मोठ्यानं वाचायला लावायचे, दिवसभर तेच आठवतंय. मी पुण्यानुमोदनाला येतो, मला तुझ्या मांडीवर डोकं ठेवायचं आहे, तोवर तू जेवत राहा.

हे सगळं मी उभ्या उभ्या रचलं. मला रडू येत होतं म्हणून कदाचित ते खरं वाटलं असेल. आता आई रोज संध्याकाळी ते पुन्हा वाचायला लावते आणि मी काय काय बोलले ते मला आठवावं लागतं. काल ट्रक विसरले, तर तिनंच आठवण करून दिली. पण ती जेवते. ताटावर बसली की म्हणते, पोरानं जेवायला सांगितलंय. दादा, ती जेवते ती तुझ्या शब्दावर, आणि तो शब्द तू दिलेलाच नाहीस.

जलदान विधी आणि पुण्यानुमोदन एकोणीस तारखेला, रविवारी ठेवलं आहे. तू ये. तिच्याजवळ बस, तिच्या मांडीवर डोकं ठेव. तोंडानं काही बोलला नाहीस तरी चालेल. मी वाचलं ते खोटं होतं हे तिला कळलं, तर मला भीती वाटते. उत्तर लिहिशील तर आईसाठी एक वेगळा कागद घाल. पोस्टमन दारात आला की ती पाहणारच.

वहिनींना जयभीम, छोटीला गोड पापा. तुझ्यावर राग आहे, पण लोभही आहे. यावेळी त्याला जागशील एवढीच विनंती.

तुझी बहीण,
समता

*

पुणे
दि. १० मे २०२४

प्रिय समता,
सप्रेम जयभीम.

तुझं पत्र वाचलं. निशिगंधाला दाखवलं नाही. इतकं झोंबणारं लिहायला तू बाबांकडून शिकलीस, मला ते कधी जमलं नाही.

गुरुवारी मी हैदराबादला होतो. आमची कंपनी तिथलं ऑफिस बंद करते आहे. एकेका माणसाला खोलीत बोलवायचं आणि तुमचं काम संपलं असं सांगायचं, हे माझ्याकडे आहे. त्यासाठी आम्हाला शिकवलेलं असतं. वाक्य लहान ठेवा. सॉरी म्हणा, पण कारणं देत बसू नका. अंगाला हात लावू नका. समोरचा रडायला लागला तर पाणी पुढे करा आणि थांबा. फोन बंद करून बाहेर ठेवावा लागतो. संध्याकाळी बाहेर आलो तर तुझे एवढे सगळे कॉल, आणि शालिग्रामनं पाठवलेला फोटो. चिता पेटलेली होती.

मी लगेच लिहायला घेतलं होतं गं. मराठीत ‘बाबा’ एवढा शब्द लिहिला आणि पुढे बोट हलेना. मग इंग्रजीत लिहिलं, तर आपोआप लिहून झालं. दिवसभर तीच वाक्यं तोंडात होती. तुला ती परक्याची वाटली. खरं सांगतो, मला त्या वेळी परकंच व्हायचं होतं. इंग्रजीत मला रडायला येत नाही. तिथे बसून रडलो असतो तर दुसऱ्या दिवशी त्या खोलीत परत जाता आलं नसतं.

आणि आणखी एक, राग मानू नकोस. इंग्रजीत दुःखाबद्दल मोजकं बोलतात, तो थंडपणा नसतो, सभ्यपणा असतो. दुसऱ्याच्या दुःखात चपला घालून शिरायचं नाही, दारातून सांगायचं की मी आहे. तुम्ही लोक कोण आलं, कोण गळ्यात पडलं, कोण किती रडलं, हे सगळं पाहत बसता. मला त्याचा लहानपणापासून धसका आहे. माझ्या नावानं तू आईला जे वाचून दाखवलंस, ते आधी मला विचारून वाचायला हवं होतंस. आता ते मला निभवावं लागणार.

एकोणीसला मी येतो. निशिगंधाला जमेलसं वाटत नाही, छोटीचा उन्हाळी वर्ग आहे. आईसाठी वेगळा कागद घ्यायला बसलो होतो. दोनदा बसलो. नाही जमलं. तू आतापर्यंत सांभाळलंस तसं याही वेळी सांभाळून घे.

तब्येतीला जप, आईला जप, आणि या भावाबद्दल मनात थोडी जागा ठेव.

तुझा,
प्रेमानंद

*

दुसरबीड
दि. १४ मे २०२४

ती. दादास,
सप्रेम जयभीम. वि. वि.

पत्र मिळालं. पोस्टमननं नेमकं आईच्याच हातात दिलं. तिनं पाकीट उलटसुलट करून पाहिलं आणि मला वाचायला बसवलं. मी तुझा हैदराबादचा मजकूर समोर धरून वाचलं की, आई, माझं इथं कशात लक्ष लागत नाही. निदान एवढं तरी खोटं नसावं अशी आशा आहे. तू सांभाळून घे म्हणालास, मी घेतलं. माझी नोकरी शिकवायची, पण हल्ली घरी दुभाषाचं काम करते आहे, आणि तेही अशा माणसाचं, जो बोलतच नाही.

‘तुम्ही लोक’ हे मी दोनदा वाचलं. तुझी मराठी पुण्याला जाऊन चांगली कडक इस्त्रीची झाली आहे. तुझ्या नव्या फ्लॅटच्या कार्यक्रमाला आम्ही सगळे आलो होतो, आठवतं? बाबा तुझ्या साहेबांना सांगत होते की, मले लई आनंद झाला, आणि तू हसून मध्येच बोलायला लागलास. बाबांना कळलं. त्यानंतर दिवसभर ते तुझ्या पाहुण्यांशी एकच शब्द बोलले, थँक्यू. जेवण वाढलं थँक्यू, पाणी दिलं थँक्यू. परतीच्या गाडीत मी विचारलं तेव्हा म्हणाले की, पोराची इज्जत राह्यली पाहिजे. मला ते सांगायचं नव्हतं, पण तू इज्जतीचं आणि सभ्यपणाचं मला शिकवायला निघालास म्हणून सांगितलं.

आता इथल्या माणसांचं सांत्वन कसं असतं ते ऐक. परवा जानराव आले होते. तेच, ज्यांची सायकल बाबा दर आठवड्याला दुरुस्त करायचे. ओसरीवर आईसमोर बसले. न पेटवलेली बिडी बोटात फिरवत राहिले, एक शब्द बोलले नाहीत. मग गुडघ्यावर हात टेकून उठले आणि ‘येतो’ न म्हणता गेले. दुखवट्याला आलेला माणूस जाताना ‘येतो’ म्हणत नाही, पुन्हा अशा कामी येणं नको म्हणून. ते गेल्यावर आई म्हणाली की, जानराव मनातून बसला होता. शालिग्राम मात्र रोज रात्री ‘येतो काकू’ म्हणून जातो. तो घरचा आहे, त्याला हा रिवाज लागू नाही. म्हणजे आम्ही कोण किती रडलं तेवढंच पाहतो असं नाही दादा. न रडणाराही आम्हाला ओळखू येतो.

तुला मराठीत बोट हलेना, हे मात्र मला खरं वाटलं. पत्रात तेवढंच एक वाक्य माझ्या भावाचं होतं. तेच आईला सांग. वाटल्यास एकच शब्द बोल, जो तू लिहिलास आणि पुसलास, ‘बाबा’. ती बाकीचं समजून घेईल. आल्यावर आधी बाहेर मांडवात बसू नकोस, सरळ आत ये. आई भिंतीच्या कडेला सतरंजीवर बसते. तिच्या शेजारची जागा मी कुणाला देत नाही.

कार्यक्रम सकाळी अकराला आहे. तुझ्यासाठी आई ठेचा करणार आहे, तुला पुण्यात तसा मिळत नाही म्हणते. तिचा जीव तुझ्या येण्यात अडकला आहे. आमच्यावर लोभ असेल तर वेळेवर ये, एवढंच.

तुझी,
समता

*

पुणे
दि. २२ मे २०२४

प्रिय समता,
सप्रेम जयभीम.

सुखरूप पोहोचलो. रविवारचा कार्यक्रम नीट पार पडला याचं खूप समाधान वाटलं. मला वाटलं होतं त्यापेक्षा सगळं शांतपणे झालं. बौद्धाचार्य मोजकं आणि चांगलं बोलले. शालिग्रामनं धावपळ केली, त्याला माझे आभार सांग.

तू सरळ आत यायला सांगितलं होतंस ते लक्षात होतं. पण ऑफिसचे दोघे संभाजीनगरहून मुद्दाम आले होते, त्यांना मांडवात एकटं सोडणं बरं दिसलं नसतं. त्यांना जेवायला बसवलं आणि आत आलो. आई वाटली होती त्यापेक्षा बरी दिसली. थोडी रडली, पण मी समोरच होतो, लगेच पाणी दिलं. मांडीवर डोकं ठेवण्याचं म्हणशील तर इतक्या बायांसमोर ते नाटकी वाटलं असतं, तिलाही अवघडल्यासारखं झालं असतं. ‘बाबा’ म्हणायचंही मनात होतं. तोंडापर्यंत आलं होतं. तेवढ्यात सत्यभामाबाई बोलायला लागल्या.

निघताना मला तुझ्या पत्रातले जानराव आठवले. तुम्ही लोक वगैरे मी जे लिहिलं त्याचं वाईट वाटत होतं, म्हणून ठरवलं की या वेळी सगळं तुमच्या रीतीनं करायचं. आई आत गेली होती. मी ‘येतो’ न म्हणता शांतपणे उठलो आणि गाडीत बसलो. तुला मी परक्यासारखा वाटतो, पण एवढा रिवाज तरी मी पाळला. रस्ताभर मला हलकं वाटत होतं.

आता आईच्या मनातून तो निरोपाचा विषय निघाला असेल. तुलाही रोज वाचून दाखवावं लागणार नाही. पावसाळ्यात चार दिवस आईला पुण्याला घेऊन ये.

तुम्हा दोघींचा लोभ असाच मिळत राहो.

तुझा,
प्रेमानंद

*

दुसरबीड
दि. २७ मे २०२४

दादा, हे पत्र आईचं आहे. ती सांगते तसं लिहिते. माझा एकही शब्द मधात घालायचा नाही, असं तिनं मला बजावलं आहे.

प्रेमानंद, तुले तुह्या मायचा जयभीम.

समता म्हणे दादाचं पत्र आलं, वाचू का? म्या म्हणलं, या बारीनं राहू दे. आता मी सांगते ते तू लिही.

तुहा बाप गेला त्या दिवशी पोरीनं फोन पुढं धरून तुहं बोलणं वाचून दाखवलं. मले अक्षर येत नाई, पण डोळे हायेत. फोनवर दोन वळी होत्या. पोरीनं वाचलं लई लांब. अन् वाचता वाचता रडून राह्यली होती. मले तवाच समजलं का हे तुहं नाई, तिचं हाय. पण बाया बसल्या होत्या, म्या काही म्हणलं नाई. अन् खोटं काऊन बोलू, आयकाले बरं वाटे. म्हणून रोज वाचून घेतलं. टरकाचं तं दोन दोन डाव आयकलं. मनात म्हणे, आज पोरगी बोलून राह्यली, उद्या पोरगा येईन अन् खरं करन.

तू आला. बाहेर खुर्चीवर बसला, साहेब लोकाईत. मी भितीपाशी बसून तुही वाट पाहून राह्यली. समतानं शेजारची जागा धरून ठेवली होती, तिथं कोनाले टेकू देल्लं नाई. मंग तू आला तं पुढं बसला, पाहुने बसतात तिथं. मले रडू आलं. तू बाटलीचं बूच काढलं अन् पानी पुढं केलं. बाबू, मले तहान नोती लागली.

मी आत गेली ते तुह्यासाठी भाकर अन् ठेचा बांधाले. फडकं घेऊन बाहेर आली तं गाडी नाई. समताले पुसलं, येतो म्हणला काय? इतके दिवस तुहं सारं मले वाचून देल्लं तिनं, या बारीनं तिच्यापाशी काही नोतं. त्या फडक्यातलं संध्याकाळी शालिग्रामनं खाल्लं. जेवला, हात धुतले, अन् येतो काकू म्हणून गेला.

दुःखाच्या घरून लोकं काही न म्हणता उठतात. ते परके असतात, त्याईनं तसंच उठावं. तुले कोनं सांगितलं का तू परका हायेस? तुह्या बापानं तुले इंग्रजी शिकवली ते लोकाईपुढं तुही मान वर राहावी म्हणून. मायपुढं वर ठेवाले नाई.

तुह्यावर माहा राग नाई. राग कराले माणूस समोर लागते. पुण्याले बोलावू नको, मी येत नाई. तिथं मी बोलली तं तुले बरं नाई वाटणार, अन् मले तुह्या बापासारखं थँक्यू म्हणता येत नाई. आता एकच आयक. मी गेल्यावर त्या दोन वळी लिहू नको. वाचून दाखवाले समता राहीन, आयकाले मी नसन.

दादा, आईनं सांगितलं ते एवढंच. शेवटी काय लिहू, आशीर्वाद लिहू की लोभ असावा लिहू, असं मी विचारलं. ती म्हणाली की, काहीच लिहू नको, तो आपल्या घरून जसा गेला तसंच हे पत्र जाऊ दे.